आलमांद

त्या सालच्या ऑगस्टात
मालकांनी लाल पेन्सिलीनं मेन्यूतला एक शब्द खोडला.
गाव बझांसाँ, हॉटेल दू नदीच्या काठावर,
मी चौदा वर्षांचा फिर्मां, कांदे सोलायला ठेवलेला.

आलमांद.
वासराच्या हाडांचा पांढरा रस्सा, लोणी-पिठानं दाटवलेला,
त्यात अंड्यांचे पिवळे, साय,
जायफळ, लिंबाचे चार थेंब.
शब्दाचा अर्थ आमच्या भाषेत सरळ: जर्मनीण.
सॉस आमचाच. रंगावरून कुणीतरी कधीतरी
थट्टेनं ठेवलेलं नाव असावं.
खोडलेल्या शब्दाच्या डोक्यावर मालकांनी लिहिलं: सोनकेशी.
त्या रात्री सोनकेशी दोनदा संपली.

सॉसचे आचारी आन्सेल्म काही बोलले नाहीत.
त्यांच्या घरात एक होती,
ऱ्हाइनपलीकडून लग्न होऊन आलेली, अकरा वर्षं झाली.
नाव हेडविग.
पण पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळी गल्ली
तिला त्याच शब्दानं ओळखायची.
आधी लाडानं. मग नुसतंच.
मग दात आवळून.
तिला खोडून वर काय लिहायचं,
हे मालकांना कुणी विचारलं नाही.

उरलेला सॉस झाकणाच्या डब्यात घालून
आन्सेल्म मला तिच्याकडे धाडायचे.
खिडक्या बंद. गुडघ्यांत चेलो.
तारांमध्ये हातरुमाल खोवलेला,
भिंतीलाही ऐकू जाऊ नये म्हणून.
काय वाजवता, मी विचारलं.
नाव सांगितलं तर पळशील, त्या म्हणाल्या,
आणि वही माझ्यापुढे धरली.
पानाच्या माथ्यावर तोच शब्द,
जुन्या तपकिरी शाईत, धडधाकट.

हा नाच आहे, त्या म्हणाल्या.
जोड्या हात धरून रांगेत चालायच्या,
संथ, चार मात्रांत.
आणि समेच्या आधी एक इवला स्वर,
उंबरठ्याशी पाऊल घुटमळतं ना, तेवढाच.
हे लिहिलं गेलं तेव्हाच नाचणारे उरले नव्हते.
पाय गेले, नाव राहिलं.

तेव्हा मला कळलं,
पिवळे फेटताना आन्सेल्म
ओठांतल्या ओठांत काय मोजतात.
पळीभर गरम रस्सा पिवळ्यांना आधी पाजायचा,
आचेची ओळख करून द्यायची,
मग एक पळी आणखी, मग सगळं एकत्र.
उकळी येऊ द्यायची नाही. घाई केली की फुटतं.
त्या वर्षी घाई सगळ्यांनाच होती.
हिवाळ्याआधी त्यांनाही बोलावणं आलं.

सतराच्या फेब्रुवारीत परतले.
हात शाबूत, पाय शाबूत,
नाकाला मात्र कशाचाच वास नाही.
जळलेलं लोणी आणि ताजं लोणी
त्यांना एकाच अंगाचं.
पातेल्यापुढे उभे राहायचे
बंद पडलेल्या घड्याळाकडे बघावं तसे.

मग हेडविगबाई मागच्या दारानं येऊ लागल्या.
चमचा स्वतःचा, एप्रनच्या खिशात.
मालक त्या वेळी नेमके हिशेबाच्या वहीत डोकं घालत.
लिंबू हवं, त्या म्हणायच्या.
किंवा नुसतीच मान हलवायच्या.
आम्ही पोरं ताटं पुसत राहायचो,
त्यांच्याकडे न बघता.

एकदा शनिवारी, जेवणघर भरलेलं,
मधलं दार उघडं राहिलं होतं.
खिडकीजवळच्या टेबलावर तीन लष्करी अधिकारी.
आन्सेल्मनी पातेलं आचेवरून उचललं
आणि अडीच वर्षं कुणी न उच्चारलेला शब्द
मोठ्यानं हाकारला:
आलमांद!

काटे थांबले. एका अधिकाऱ्यानं खुर्ची मागे सारली.
सॉसला हाक होती की बायकोला,
मला अजून सांगता येत नाही.
त्या भांड्यांच्या खोलीत होत्या.
दारापाशी क्षणभर थबकल्या,
तो समेच्या आधीचा स्वर असतो, तेवढंच,
आणि भर उजेडातून, सगळ्यांच्या देखत
चमचा काढत पातेल्याशी आल्या.

लिंबू जास्त झालंय, म्हणाल्या.